बारा घरं, एक जिना, एक गच्ची : एचडीआर कुठे वापरलं, कुठे नाही

१० जानेवारी

काम ठाण्यातल्या नौपाड्यातलं, गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत. तळमजला धरून चार मजल्यांची बिनलिफ्टची इमारत, मजल्यावर तीन घरं. पुनर्विकासाचा करार झालाय, मार्चअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. त्याआधी प्रत्येक घराचा एक मोठा फोटो, शिवाय जिना, गच्ची, फाटक, पत्रपेट्या असं सगळं घेऊन सोसायटीला पुस्तक छापायचंय. कागद मॅट, कारण चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, असं कमिटीतल्या एका काकूंचं ठाम मत. कागदाचा मुद्दा मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागणार आहे.

सेक्रेटरी काकांनी चहा यायच्या आधीच बिल्डरचं ब्रोशर समोर टाकलं. "असं हवं बघा. कोपरान् कोपरा दिसला पाहिजे." एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणजे कमीजास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून अंधार आणि झगझगाट दोन्ही एका फोटोत दाखवणं. ब्रोशरमधला सॅम्पल फ्लॅट हा त्याचा बाजारातला अवतार. सोफ्याखाली सावली नाही, खिडकीबाहेर निळंशार आकाश, छताच्या कडेने उजळ पट्टा आणि लाकडी दरवाजा संत्र्याच्या रंगाचा. घर विकायचं असतं तेव्हा हे चालून जातं. घेणाऱ्याला खोली केवढी आहे ते बघायचं असतं, ती राहिलेली दिसायला नको असते. इथे तर उलटं काम आहे. पण आज वाद घातला नाही. असले वाद दोन प्रिंट शेजारी ठेवून घालावेत.

पाहणी केली. गल्लीकडच्या चार घरांच्या खिडक्या पूर्वेला. मधल्या चार घरांना उत्तरेची एकच मोठी खिडकी, समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या सोसायटीची भिंत. मागच्या चार घरांच्या खिडक्या पश्चिमेला, आणि तिथे शेजारच्या बंगल्यातला जुना आंबा थेट खिडकीत येतो. मागच्या घरांतला प्रत्येक जण पहिल्यांदा खिडकीकडे घेऊन गेला, मग घर दाखवलं. ही गोष्ट फोटोच्या दृष्टीने सगळ्यात कामाची.

११ जानेवारी

आज फक्त मोजणी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा). तिसऱ्या मजल्यावरचं मागचं घर, सकाळी दहाची वेळ, दिवे बंद.

शटर किती वेळ उघडा ठेवावा लागतो ते असं. हॉलमधली आतली भिंत: अर्धा सेकंद. खिडकीतून दिसणारी, उन्हात असलेली समोरच्या इमारतीची भिंत: १/४०० सेकंद. दोनशेपट फरक, म्हणजे साडेसात स्टॉपच्या वर. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, त्यामुळे 'साडेसात' ऐकायला जितकं किरकोळ वाटतं तितकं ते नाही. शिवाय ही दोन्ही मापं मधल्या छटांची झाली. दिवाणाखालचा अंधार आतल्या भिंतीच्या आणखी तीनेक स्टॉप खाली आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर बाहेरच्या भिंतीच्या दोनेक स्टॉप वर. सगळं धरून तेराच्या आसपास.

आताच्या चांगल्या सेन्सरला मूळ (बेस) आयएसओला तेरा-चौदा स्टॉप मिळतात, मग एका फ्रेममध्ये का मावू नये? हिशेबात मावतं. पण त्यातले तळाचे दोन-तीन स्टॉप नॉइजने, म्हणजे नको असलेल्या रव्याने, भरलेले असतात. १४ बिटच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यातल्या निम्म्या, ८,१९२, एकटा सर्वांत उजळ स्टॉप खातो. त्याखालच्याला ४,०९६, त्याखाली २,०४८. असं करत आठव्या स्टॉपच्या वाट्याला ६४ उरतात. चादर वाचवण्यासाठी एक्स्पोजर (सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश) खाली ओढलं की अख्खा हॉल या तळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. मग शॅडो (सावल्या) वर खेचल्या की भिंतीवर जांभळा-हिरवा रवा उठतो. तीन स्टॉप खेचणं माझ्या कॅमेऱ्यात निभावतं, सहा नाही.

मधली घरं मोजली. आत १/४, खिडकीतून दिसणारी शेजारची भिंत १/६०. चार स्टॉप. एक रॉ फाइल पुरे, ट्रायपॉडवरून एकच क्लिक. इथे ब्रॅकेटिंग करणं, म्हणजे कमीजास्त एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घेणं, ही हौस. चार घरं निकालात.

गल्लीकडची घरं सकाळी नवाच्या आत घ्यायची. तेव्हा समोरच्या इमारतीची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि फरक पाचवर येतो. दुपारी तिच्यावर ऊन आलं की तोच फरक आठच्या घरात जातो. एचडीआर वापरायचं की नाही याचा निम्मा निर्णय घड्याळ बघून होतो, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी. यूट्यूबवरचे मास्तर हे फारसं सांगत नाहीत. सकाळी लवकर उठायला लागतं म्हणून असेल.

राहिली मागची चार. इथेही सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आत-बाहेरचा फरक आपोआप मिटेल, पण तेव्हा आंब्याचा काळा गठ्ठा झालेला असेल. दुपारनंतर ऊन थेट लेन्समध्ये. सकाळी दहाला आंब्याच्या पानांवर समोरून ऊन पडतं, घरातले लोक जो आंबा म्हणतात तो या वेळचा. म्हणजे याच घरांना एचडीआर लागणार.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ इतका झालाय की कॅमेऱ्याची बटणं चिकट.

दुसऱ्या मजल्यावरचं मागचं घर. आजी-आजोबांना स्वतःला फोटोत यायचंय, आणि आजींना त्यांच्या झोपाळ्यावर. कड्यांचा, पितळी साखळ्यांचा झोपाळा, हॉल आणि बंद करून घेतलेल्या गॅलरीच्या मधोमध. आजी बसल्या की पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकंसं रेटतात. थांबा म्हटलं की थांबतात, बोलायला लागल्या की पुन्हा रेटतात. आणि त्या बोलतात.

ब्रॅकेटिंगचा हिशेब असा: अर्धा सेकंद, १/८, १/३०, १/१२५, १/५००. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम. ॲपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं पक्कं, बदलायचा फक्त शटर. ॲपर्चर बदललं तर प्रत्येक फ्रेममध्ये धारदारपणा वेगळ्या ठिकाणी जातो आणि जुळवणी बोंबलते. या पाच फ्रेम होईपर्यंत आजी पाच ठिकाणी. सॉफ्टवेअरमध्ये घोस्ट, म्हणजे हललेल्या वस्तूची भुतासारखी दुहेरी प्रतिमा, काढायची सोय असते, पण ती करते काय, तर हललेल्या भागापुरती पाचातली एक फ्रेम निवडते. चेहरा त्या भागात आला की चेहरा एका फ्रेमचा, गळ्यातली पोत दुसरीची, असलं काहीतरी हाती लागतं. माणूस असला की एचडीआर नाही. माझ्यापुरता हा नियम पक्का आहे, अपवाद झोपलेल्या मांजराचा.

मग फ्लॅश. छताकडे तोंड करून मारला. आतला उजेड वाढला, बाहेरचा होता तसाच, दोघांतला फरक एका रॉ फाइलच्या आवाक्यात आला. अडचण अशी की छताला फिकट पोपटी रंग दिलेला, आणि तो आजोबांच्या टकलावर सुबक उतरला. शेवटी शेजारच्या घरातल्या कॉलेजातल्या मुलाला पांढरी चादर धरून खुर्चीवर उभं केलं आणि फ्लॅश चादरीवर मारला. आजोबा म्हणाले, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, त्यानंतर आजच." आजी हसल्या तो फोटो घेतलाय. खिडकीतला आंबा थोडा जास्त उजळ आला आहे, पानं ओळखू येतात. बास झालं.

१७ जानेवारी

पहिला मजला, मागचं घर, स्वयंपाकघर. तिथल्या काकूंनी बजावलं होतं की हॉल राहू दे, फोटो स्वयंपाकघराचा. तिथे आल्यावर कळलं का. काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याच्यावर भिंतभर स्टीलची मांडणी. डबे उतरत्या क्रमाने, ताटं उभी, वाट्या पालथ्या, वरच्या फळीवर हंडा-कळशी. पश्चिमेची खिडकी बाजूला, तिच्यातून आंब्याची एक फांदी जवळजवळ आत.

सगळी परिस्थिती एचडीआरची. माणूस नाही, पंखा बंद, ट्यूब बंद. ट्यूब आणि एलईडी बंद करायचं कारण रंग हे तर आहेच, पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही. १/५०० च्या फ्रेममध्ये मात्र कळतं: कुठे पट्टा, कुठे अर्धा उजेड. ब्रॅकेटमधली सर्वांत जलद फ्रेम अशी पट्टेरी आली की जोडकाम गेलंच. पाच फ्रेम घेतल्या. फांदी वाऱ्याने जरा हलत होती, खिडकीपुरती एकच फ्रेम वापरायची हे तिथेच ठरवलं.

घरी आल्यावर दोन आवृत्त्या केल्या. पहिलीत पाचही फ्रेम एकत्र, वर टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला दाबून फोटोत बसवणं) सढळ हाताने, सेक्रेटरी काकांना आवडेल अशी. दुसरीत पायाला १/८ ची फ्रेम आणि फक्त खिडकीच्या चौकटीत १/१२५ ची, हाताने मास्क करून, म्हणजे बाकीचा भाग झाकून. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो.

पहिली बघून त्या गप्प. मग म्हणाल्या, "माझी भांडी अशी काळवंडलेली नाहीत हो. ही तर ॲल्युमिनियमची वाटतायत."

एचडीआरवर इतकी नेमकी टीका कुठे वाचलेली आठवत नाही. घासलेलं स्टील लख्ख दिसतं ते त्याच्यावरच्या दोन-चार पांढऱ्या ठिपक्यांमुळे. डब्याच्या गोलाईवर खिडकीची उभी रेघ पडते ती जळलेलीच असते, डोळ्यालाही ती तशीच दिसते, तिच्यात बघण्यासारखा तपशील नसतो. टोन मॅपिंगचं काम मात्र जळलेलं वाचवायचं. त्याने ती रेघ इमानेइतबारे करड्या रंगात उतरवली, शेजारची सावली उचलली, आणि चकाकी गेली. पांढरं पांढरं राहिलं नाही आणि काळं काळं राहिलं नाही की धातू धातू राहत नाही. काच, पितळ, ओला फरशीचा तुकडा, घामाने चमकणारं कपाळ, सगळ्यांचं असंच.

दुसरी आवृत्ती त्यांना पटली. त्यातही त्यांनी बोट ठेवलं ते कडप्प्यावर: "इथे थोडं दिसू दे, चीर आहे ना." ओट्याच्या कडेला सुतासारखी बारीक चीर आहे, कशी पडली तेही सांगितलं, ते इथे लिहीत नाही. तेवढ्या भागात अर्धा सेकंदाच्या फ्रेममधून उजेड आणला. पाच फ्रेम घेतल्याचा उपयोग असा होतो. सगळ्या वापरायच्या नसतात, हाताशी असाव्या लागतात.

१८ जानेवारी

चादर धरणाऱ्या मुलाने बिनतोड प्रश्न विचारला. "माझ्या फोनमध्ये एका क्लिकला आतलं-बाहेरचं सगळं येतं. तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात खिडकी पांढरी का?"

फोनमध्ये एक क्लिक नसतेच. आयफोनमध्ये एचडीआरचा पर्याय २०१० मध्ये आला, तेव्हा तो चालू करावा लागायचा. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ पासून वेगळी वाट धरली: कमीजास्त एक्स्पोजरच्या फ्रेमऐवजी सगळ्या एकसारख्या, मुद्दाम अंधाऱ्या, भराभर घेतलेल्या. हायलाइट (उजळ भाग) जळत नाहीत, कारण एक्स्पोजरच कमी. शॅडोतला नॉइज सरासरीने घटतो, चार फ्रेमची सरासरी काढली की तो निम्मा होतो. प्रत्येक फ्रेम इतकी छोटी की हात हलला, माणूस हलला तरी जुळवून घेता येतं. हुशार काम आहे, कबूल करायला हरकत नाही. झोपाळ्यावरच्या आजींचा त्याच्या फोनने माझ्या ब्रॅकेटपेक्षा बरा फोटो काढला असता.

त्याला फोनमधला तोच फोटो प्रिंट काढून आणायला सांगितलं होतं. स्क्रीनवर खिडकी चमकत होती, प्रिंटमध्ये मरगळलेली. तो चक्रावला. इथे एचडीआर नावाच्या दोन गोष्टींची गल्लत होते. टीव्ही आणि नव्या फोनच्या पडद्यावरचं एचडीआर म्हणजे पडदाच जास्त उजळ होतो, खिडकी खरोखर झगझगते. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, साध्या जेपेगच्या पोटात एक जादा नकाशा ठेवायची सोय झाली, कुठला भाग किती उजळवायचा ते सांगणारा. तसला पडदा असेल तर फोटो उजळतो. कागदाला असला नकाशा वाचता येत नाही. कागदावर सगळ्यात उजळ म्हणजे कोरा कागद, त्यापुढे काही नाही.

आणि मॅट कागदावर सगळ्यात काळी शाईसुद्धा जरा करडीच. चकचकीत कागदाला सातेक स्टॉप मिळतात तिथे मॅटला पाच, फार तर साडेपाच. तेरा स्टॉपचं घर पाचात बसवायचंय. काहीतरी सोडावं लागणारच, काय सोडायचं एवढंच आपल्या हातात.

२० जानेवारी

जिना. दर मजल्याच्या वळणावर सिमेंटची जाळी, तिच्यातून सकाळी ऊन पडतं आणि पायऱ्यांवर चौकटी उमटतात. तीन पायऱ्यांवर वाकत वाकत जाणाऱ्या. बाकी जिना काळोखा.

मोजलं नाही. उन्हाच्या चौकटीवर एक्स्पोजर धरलं, एक फ्रेम घेतली, काळोख काळोखच ठेवला. सावल्या उचलल्या तर चौकटी विरतात आणि उरतो पानाच्या पिचकाऱ्यांचा कोपरा. कठड्याचं गुळगुळीत झालेलं लाकूड चौकटीच्या उजेडात आलंय, त्याला काही करायची गरज नाही.

२४ जानेवारी

दिवसभर संगणकापुढे. मागच्या उरलेल्या घरांचे ब्रॅकेट जुळवले.

सॉफ्टवेअरचं आपोआप जोडणं पूर्वीइतकं वाईट राहिलेलं नाही, हे सांगायला हवं. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ पासून जोडलेली फाइल पुन्हा रॉसारखीच हाताळता येते, जोडलं म्हणजे लगेच भडक झालं असं होत नाही. भडकपणा येतो तो पुढे, स्लायडर ओढताना. दोन खुणा बघून थांबतो. खिडकीच्या गजांभोवती किंवा पंख्याच्या पात्यांभोवती उजळ कड आली, म्हणजे हॅलो, की मागे. आणि खोलीतली भिंत बाहेरच्या आकाशापेक्षा उजळ दिसायला लागली की मागे. दिवसा घरात आकाशापेक्षा जास्त उजेड असत नाही. हे डोळ्याला कळतं, माणसाला शब्दांत सांगता आलं नाही तरी तो म्हणतो, "कसंतरीच वाटतंय."

तिसऱ्या मजल्याच्या घरासाठी एक्स्पोजर फ्यूजन करून बघितलं. मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत मला आवडते, कारण ती मध्ये कुठलीही अवाढव्य फाइल बनवत नाही. प्रत्येक फ्रेममधला कुठला ठिपका नीट उजळलेला, नीट रंगाचा, नीट उठावदार आहे ते बघून त्याला वजन देते आणि थेट मिसळते. एनफ्यूज नावाच्या फुकटातल्या प्रोग्राममध्ये होते. निकाल थोडा मवाळ, जरा धुवट, पण खोटा वाटत नाही. धुवटपणा घालवायला काळा रंग थोडा खाली ओढला, झालं.

सेक्रेटरी काका संध्याकाळी डोकावले. "हे सगळं नवीन फॅड ना?" म्हटलं, नाही. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये जोडले होते. तेव्हाच्या काचेवरच्या निगेटिव्ह निळ्या उजेडाला नको तितक्या हळव्या, लाटांसाठी एक्स्पोजर धरलं की आकाश कोरं. आणि संगणकावरच्या एचडीआरचा पाया ज्या १९९७ च्या निबंधाने घातला, त्याचे दोन लेखक अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे: पॉल डेबेव्हेक आणि आपले आयआयटी कानपूरचे जितेंद्र मलिक. एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरवरून त्या त्या जागी खरा प्रकाश किती होता हे काढायचं गणित त्यात आहे. ते मोजमापाचं काम होतं, फोटो झगमगीत करायचं त्यात काही नाही. संत्र्याच्या रंगाचे दरवाजे ही पुढच्या पिढीची कमाई.

काकांना मलिकांचं कौतुक वाटलं. ब्रोशरबद्दलचं मत जागेवरच.

२७ जानेवारी

गच्ची. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर, मध्ये टॉवर. पूर्वी इथून येऊर सलग दिसायचा, आता फटींमधून दिसतो. सगळ्यांना तो फोटोत हवाय.

सूर्य मावळताना घेतला तर सूर्याकडची बाजू आणि गच्चीवरच्या टाक्यांची आपल्याकडची बाजू यांत एवढा फरक की ब्रॅकेटही कमी पडेल. करून बघितलं आणि वेगळंच हाती आलं. जानेवारीतली धूळ-धुरकट हवा. एचडीआरमध्ये स्थानिक उठाव वाढतो, तो डोंगराबरोबर धुरक्यालाही मिळतो. येऊरच्या जागी मळकट तपकिरी पट्टा आणि प्रत्येक टॉवरभोवती पांढरी कड. धुरक्याच्या दिवशी एचडीआर नको, लांबच्या दृश्याला तर नकोच. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली साफ असलेली लेन्सपुढची काच) समुद्रावर ठीक, तिथे क्षितिज सरळ असतं. इथे फिल्टरची गडद कड टॉवरच्या मध्यातून जाते आणि वरचे मजले काळे होतात.

थांबलो. साडेसहानंतर आकाश निवत गेलं, गच्चीच्या दाराशी असलेला पिवळा दिवा लागला, खालच्या घरांतले दिवे लागले. पावणेसातच्या सुमाराला दिवा आणि आकाश दोन स्टॉपच्या आत. चार सेकंदांची एकच फ्रेम, तीत येऊरची कडा निळी, धुरकं निळ्यात मिसळलेलं. पापड वाळत घालायची बाज तिथेच पडलेली, तीही आली. कुणीतरी मागून विचारलं, "एवढंच?" हो, एवढंच.

३१ जानेवारी

प्रूफ आले. मॅट कागदाने अपेक्षेप्रमाणे हात दाखवला. जिन्यातला काळोख करडा पडला, त्याला थोडा आणखी उतार दिला. मागच्या घरांतल्या खिडक्या स्क्रीनवर ठीक होत्या त्या कागदावर उदास, कारण मी त्या फार दाबल्या होत्या. पाऊण स्टॉप वर घेतल्या. खिडकी आतल्यापेक्षा स्पष्ट उजळ राहिली पाहिजे, फक्त आंबा आंबा म्हणून ओळखता यावा. पानन् पान मोजता यायची गरज नाही.

मधल्या घरांपैकी एकात खिडकी पूर्ण पांढरी जाऊ दिली आहे. बाहेर भिंतीवरचा सांडपाण्याचा पाइप होता. घरमालकिणीला विचारलं. म्हणाली, "तो पाइप पंचवीस वर्षं बघितला, आता पुस्तकात कशाला?"

माझा एचडीआरचा निकष आता याच्यावर येऊन थांबलाय. सेन्सरला झेपतं का हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की दोन्ही टोकांना, उजेडात आणि अंधारात, घरच्यांना बघायचं असं काही आहे का. असलं तर पाच फ्रेम घ्या, मास्क करा, रात्र जागवा. एकाच टोकाला असलं तर त्या टोकाचं एक्स्पोजर धरा आणि दुसरं जाऊ द्या.

३ फेब्रुवारी

कमिटीची बैठक, गच्चीवर. स्वयंपाकघराच्या दोन्ही आवृत्त्या मोठ्या प्रिंट करून शेजारी ठेवल्या, खाली नाव काही लिहिलं नाही. बहुतेकांनी हाताने मास्क केलेली निवडली. दोघांनी टोन मॅपिंगवाली. त्यातले एक सेक्रेटरी काका. काकूंनी ॲल्युमिनियमचं वाक्य पुन्हा सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं आणि विषय संपला.

काकांनी स्वतःच्या घराचं पान मात्र ब्रोशरसारखंच हवं असं सांगितलं. गल्लीकडचं घर, फरक पाच स्टॉपचा, एचडीआरची गरज अजिबात नाही. एकाच रॉमधून सावल्या उचलून, रंग चढवून दिलं. त्यांचं घर आहे, त्यांना तसं बघायचंय. दरवाजा संत्र्याच्या रंगाच्या बराच जवळ गेलाय.

छपाईला फाइली उद्या जातील. सगळे ब्रॅकेट, न वापरलेल्या फ्रेमसकट, एका हार्ड डिस्कवर घालून सोसायटीला देतोय, घर क्रमांक आणि वेळेच्या नावाने. कुणाला पुढेमागे दिवाणाखाली काय होतं ते बघायचं झालं तर अर्धा सेकंदाची फ्रेम उघडावी. फाटक आणि पत्रपेट्या राहिल्यात, त्या ढगाळ दिवशी अर्ध्या तासात होतील.